बारा वजनं

११ मार्च. आभाळ निरभ्र. सकाळी सातला हवेत थोडा गारवा होता, दहापासून ऊन लागायला लागलं. वारा पश्चिमेचा, मंद.

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. विहिरीतली मोटर दहा वर्षांनी वर काढली की तिच्या बुडाला बोटभर गाळ निघतो. तो कुणी आणून टाकलेला नसतो. माझ्या वह्यांच्या मागच्या पानांचं तसंच झालं आहे. पुढच्या पानांवर मी कामाच्या नोंदी करतो: तारीख, हवामान, ठिकाण, खोली, कोण उतरलं, किती वाजता, उतरताना सिलेंडरमध्ये हवा किती होती आणि वर आल्यावर किती उरली. ह्यात जे बसत नाही ते मागच्या पानांवर जातं. आज ती सगळी पानं सलग वाचली. त्यातलं थोडं इथं उतरवतो.

माझं सोलापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गाव मोडनिंब, शिक्षण दहावी. लिहायला कुणी शिकवलं नाही. मोटारीच्या तारेचे वेढे मोजून लिहून ठेवायची सवय होती, तीच वाढत गेली.

आम्ही चौघं होतो. विहिरीत पडलेल्या मोटारी आणि फूटव्हॉल्व्ह काढायचे, धरणाच्या पाण्यातल्या पाणीयोजनांच्या तोंडावरच्या लोखंडी जाळ्या साफ करायच्या, आणि पोलीसपाटलाचा फोन आला की माणसं काढायची, ही आमची कामं. पाण्यात दोघं उतरायचे. एक दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान दत्तू. वय चौपन्न. मी दाजी म्हणतो म्हणून सगळेच दाजी म्हणायला लागले, पोलीससुद्धा. दुसरा श्रीनिवास, अडतीस वर्षांचा, शहरातल्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातला. सिलेंडर भरायचा कॉम्प्रेसर रशीदभाईंकडे. आणि मी दोरी धरायचो. मला स्वतःला पोहता येत नाही.

दोरीची भाषा साधी. एक ओढ म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोडा. तीन म्हणजे वर घ्या.

दाजींनी पहिल्यांदा सिलेंडर घेऊन उतरायचं ठरलं तेव्हा थोरल्या बहिणीनं, सुमनअक्कानं, मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, "भास्कर, ह्यांची दोरी तू धरणार असलास तरच मी पाठवीन. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीस तर माझ्या दारात येऊ नको."

मी कबूल केलं. त्या दिवसापासून कामाच्या दिवशी ती जेवत नसे. दाजी पाण्याबाहेर आले की मी तिला फोन करायचो. "वर आले," एवढंच. मग ती ताट वाढून घ्यायची.

*

वजनांचा किस्सा आधी सांगायला हवा.

सिलेंडर आणि रबरी पोशाख घातलेला माणूस पाण्यावर तरंगतो. खाली जायला कमरेला वजनाचा पट्टा लागतो. शिशाची तयार वजनं मिळतात, पण आमची तशी नव्हती. श्रीनिवासच्या वडिलांचे दोन यंत्रमाग होते. माग बंद पडले, भंगारात गेले. ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ राहावा म्हणून मागाला लोखंडी वजनं अडकवलेली असतात, तेवढी वडिलांनी ठेवून घेतली. एकूण बारा. प्रत्येकावर त्यांनी स्वतः छिन्नीनं आकडा कोरलेला, एक ते बारा.

वडील गेल्यावर श्रीनिवास ती पोत्यात घालून माझ्या दुकानात घेऊन आला. म्हणाला, "भास्करराव, ह्यांना भंगारवाल्याकडं द्यायला मन होत नाही. पट्ट्यात ओवू का?"

सहा-सहाचे दोन पट्टे झाले. एक ते सहा दाजींना, सात ते बारा श्रीनिवासला.

दुसऱ्याच महिन्यात मोडनिंबजवळच्या एका विहिरीत श्रीनिवासच्या नाकात पाणी गेलं. तो घाबरला, पट्टा सोडला आणि बुचासारखा वर आला. वर येऊन पहिलं वाक्य काय बोलला? "अरे देवा, नान्नांची वजनं." नान्ना म्हणजे वडील.

दाजी खाली गेले. सात मिनिटांनी विहिरीच्या पायऱ्यांवर त्यांचं डोकं दिसलं. स्वतःचा पट्टा कमरेला, श्रीनिवासचा खांद्यावर. बारा वजनं घेऊन चाळीस पायऱ्या चढून आले आणि तो पट्टा कपड्यांवरूनच श्रीनिवासच्या कमरेला बांधला.

"आता दिवसभर हितंच ठेवायचा. पाण्यात सोडला ना? मंग जमिनीवर सांभाळ."

श्रीनिवासनं तो खरंच दिवसभर घातला. चहाच्या टपरीवर, पेट्रोलपंपावर, सोलापूरच्या बसमध्येसुद्धा. कंडक्टरनं विचारलं, "हे काय घातलंय?" रशीदभाईंनी मागच्या सीटवरून उत्तर दिलं, "इनो हलके हैं ना, इसलिए. उड जाते नै तो."

त्या दिवसापासून तो रिवाज पडला. जो पट्टा सोडेल त्यानं तो दिवसभर मिरवायचा. पुढं सहा वर्षं कुणीच सोडला नाही.

*

श्रीनिवासनं नंतर कोकणात समुद्रावर जाऊन रीतसर कोर्स केला. परत आला तो जरा वेगळाच होऊन आला. चहा पिताना सुद्धा म्हणायचा, "सरांनी सांगितलंय."

एकदा टपरीवर त्यानं सांगितलं की सरांनी एक अख्खा दिवस फक्त माणसं पाण्याखाली कशी मरतात ह्यावर घेतला. मी वही काढली. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. हवा संपणं. घाबरणं. श्वास कोंडून एकदम वर येणं. खाली कशात तरी अडकणं. जोडीदारापासून सुटणं. खराब हवा. हृदय.

"आणि सरांचं म्हणणं," तो म्हणाला, "बऱ्याच जणांच्या सिलेंडरमध्ये हवा शिल्लक असते. वजनाचा पट्टा कमरेलाच असतो. सोडला असता तर आपोआप वर आले असते."

दाजींना हे पटलं नाही. "हवा हाय, बकल हाय, हात हायेत. मंग मरतात कशानं?"

"घाबरून, दाजी."

"घाबरायला पाण्यात कशाला जायला पायजे? घरी तुमची अक्का हाय की."

सगळे हसले. मी ती यादी मागच्या पानावर ठेवली आणि त्यातलं काही आमच्या कामात घडलं की शेजारी बारीक खूण करायला लागलो. दाजींनी एकदा वाकून पाहिलं. म्हणाले, "भास्कर, तुमी काय परीक्षेचा पोर्शन संपवायलाव का?"

*

पहिली खूण 'खराब हवा'समोर झाली.

श्रीपूरकडच्या एका मळ्यात मोटर काढायची होती. रशीदभाईंनी कॉम्प्रेसर विहिरीच्या काठाला लावला आणि तिथंच सिलेंडर भरले. शेजारी शेतकऱ्याचं डिझेल इंजिन चालू होतं. भरायला घेतलं तेव्हा इंजिनाचा धूर उसाकडं जात होता. मध्येच वारा फिरला. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दाजी अकरा मिनिटांनी वर आले. काठावर बसले आणि उसाकडं बघून हसायला लागले. मग मला विचारलं, "पाव्हणं कवा येणार?"

"कुठले पाहुणे?"

"आज लगीन हाय ना?"

डोकं फुटेल इतकं दुखत होतं त्यांचं. दोन वेळा ओकले. झाडाखाली तीन तास झोपवलं, तेव्हा माणसात आले. सिलेंडरमध्ये धूर भरला गेला होता. आणखी पाच मिनिटं खाली राहिले असते तर लग्नाला जाऊन पोचले असते, असं ते स्वतःच नंतर सांगायचे. मी ते अक्काला सांगितलं नाही. तिला फोन केला तेव्हा "वर आले" एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं.

रशीदभाई मात्र आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी येताना उदबत्तीचा पुडा घेऊन आले. कॉम्प्रेसर चालू करण्याआधी एक उदबत्ती पेटवून वाऱ्याच्या बाजूला जमिनीत खोवायची, तिचा धूर फिरला की कॉम्प्रेसर बंद. ती उदबत्ती विझेपर्यंत ते नजर हलवत नसत.

पुढच्या गावात लोकांना वाटलं पूजा चालली आहे. एका म्हातारीनं त्या उदबत्तीपुढं नारळ आणून ठेवला आणि हात जोडले. रशीदभाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग आम्हाला म्हणाले, "रहने दो. लगे हाथ दुआ भी हो जाती."

*

'एकदम वर येणं' ह्यावर श्रीनिवासनं सर्वांत जास्त वेळ घालवला. श्वास कोंडून वर आलं की छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. म्हणून वर येताना श्वास सोडत यायचं. दाजी चार वर्षं साध्या बुड्या मारून शिकलेले. त्यांच्या हाडात एकच गोष्ट होती: पाण्यात श्वास धरायचा.

शेवटी श्रीनिवासनं उपाय काढला. "दाजी, वर येताना गुणगुणत या. गुणगुणताना माणसाला श्वास धरता येत नाही."

"काय गुणगुणू?"

"काहीही. येतंय ते."

दाजींना एकच चाल येत होती, वरातीतल्या बँडची. ती एकदा पूर्ण गुणगुणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दहा मीटर वर यायचं, असं माप ठरलं. पाण्यावर बुडबुडे थांबून थांबून, ठेक्यात यायला लागले की मला कळायचं, दाजी निघाले. रशीदभाई काठावर त्या ठेक्यावर मान डोलवायचे. मी वहीत लिहायचो: वरात सुरू, अकरा दहा. वरात पोचली, अकरा अकरा.

श्रीनिवास वर आला की त्याचा रिवाज वेगळा. पोशाख उतरवायच्या आधी माझ्या पिशवीतला त्याचा फोन मागायचा आणि आईला सांगायचा, "वच्चिना, अम्मा." आलो, आई. एवढंच. माझा आणि त्याचा फोन बहुतेक एकाच मिनिटाला लागायचा.

*

हा किस्सा किस्सा म्हणावा की नाही, मला ठरवता आलेलं नाही. मागच्या पानावर आहे म्हणून लिहितो.

नातेपुत्याच्या पलीकडं एका विहिरीत दोन भाऊ बुडाले. धाकटा पाय घसरून पडला, थोरला त्याला काढायला गेला. आम्ही पोचलो तेव्हा काठावर शंभरेक माणसं होती. बाप एका दगडावर बसून दोघांच्या चपला शेजारी शेजारी नीट लावत होता. परत उचलायचा, परत लावायचा.

दाजींनी दोघांना एकामागून एक वर दिलं. धाकट्याची मूठ थोरल्याच्या सदऱ्यात होती, ती खालीच सोडवावी लागली.

परत येताना गाडीत टेंभुर्णीच्या अलीकडं दाजी एकदम म्हणाले, "आतापतूर मी आशा पाच जोड्या काढल्या. दोघं बुडालेले असले ना, तर दुसरा नेहमी पट्टीचा पोहणारा असतो."

श्रीनिवासनं विचारलं, "असं कसं?"

"पयल्याला पोहता येत न्हाय म्हणून तो बुडतो. दुसऱ्याला येतंय म्हणून."

त्या दिवशी अक्काला फोन करायचा राहिला. आम्ही संध्याकाळी पाचला तिच्या घरी पोचलो. ती चुलीपाशी तशीच बसली होती. सकाळपासून पाणीही प्यायली नव्हती. दाजींना बघून उठली, ताट घेतलं, आणि माझ्याकडं पाठ करून जेवली. पुढं मी फोन कधी चुकवला नाही. कितीही घाई असो, दाजी वर आले की पहिला फोन.

*

गेल्या दिवाळीनंतर दाजींना जिना चढताना दम लागायला लागला. अक्कानं ओढून डॉक्टरकडं नेलं. मी सोबत होतो.

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"खाली आसतंय ते वर आणतो."

"म्हणजे हमाली?"

"तसंच म्हणा."

मी खरं काम सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बीपी खूप होतं, हृदयाचा आलेखही फार चांगला नव्हता. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "हे काम बंद करा. निदान चढ-उतार तरी कमी करा. वर येताना हृदयावर ताण येतो."

"मंग खालीच राहतो की," दाजी म्हणाले.

डॉक्टरही हसले. अक्का हसली नाही. तिनं बाहेर आल्यावर मला एवढंच विचारलं, "आता किती दिवस?"

दाजींनीच उत्तर दिलं. धरणातल्या पाणीयोजनेच्या जाळीचं काम घेतलेलं होतं, तेवढं पुरं करायचं आणि थांबायचं. श्रीनिवास एकट्यानं करतो म्हणाला, पण ते ऐकेनात. "खाली तो एकटा आन् मी काठावर? मला न्हाय जमणार."

शेवटचं काम, असं ठरलं. मी वहीत लिहून दाजींची सही घेतली.

*

आता गाठीचा किस्सा.

कोर्सवरून येताना श्रीनिवासनं दोन बकलं आणली होती. एका बोटानं पट्टी उचलली की पट्टा सुटतो. दाजींनी ते बकल वापरलं, पण त्यावरून सुतळीची एक पक्की गाठ मारायला सुरुवात केली. मला कळायला वर्ष लागलं, कारण गाठ पोशाखाच्या घडीखाली लपायची.

"दाजी, ही कशाला?"

"बकल चुकून उघडलं तर वजनं जातील की."

"जाऊ द्यात. ते उघडण्यासाठीच असतं."

"सहा वर्षांत एकदा तरी सोडलाय का मी? आता म्हातारपणी कमरेला बांधून बसमधनं मिरवू व्हय?"

जाळीच्या कामाच्या आदल्या दिवशी आम्ही माझ्या दुकानात सामान तपासत होतो. श्रीनिवासनं दाजींना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, एका हातानं पट्टा सोडा. मी घड्याळ धरलं. त्यानं स्वतः डोळे मिटून दोन सेकंदांत सोडला. दाजींची गाठ दीड मिनिट झालं तरी सुटेना. शेवटी त्यांनी हात खाली टाकले.

मी म्हणालो, "उद्या ही गाठ असली तर मी दोरी धरणार नाही. आणि मी धरली नाही तर अक्का काय करेल ते तुम्हाला माहीत आहे."

दाजी बाकावर टेकले. श्रीनिवास त्यांच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"दाजी, तुम्ही नुसता सोडा. मी आणून देईन."

"तुज्या बापाची वजनं हायेत ती."

"म्हणून तर म्हणतो, मी आणून देईन. तुम्ही नाही का माझा आणला होता?"

"आन् दिवसभर घालून कोण हिंडणार?"

"तोही मीच घालतो. माझी सवय आहे."

रशीदभाई म्हणाले, "दोन-दोन पट्टे? फिर तो बस का टिकट डबल लगता."

दाजी हसले आणि त्यांनी स्वतः कात्री मागून घेतली. सुतळी कापली. तो तुकडा माझ्या वहीत अजून आहे.

*

शेवटचा किस्सा मागच्या पानांवर नाही, पुढच्या पानांवर आहे. त्या दिवशीची नोंद आहे तशी उतरवतो.

२ फेब्रुवारी. आभाळ निरभ्र. वारा पूर्वेचा, अगदी मंद. पाणी थंड, गढूळ, खाली हातभर दिसत असावं. ठिकाण: धरणाचं मागचं पाणी, योजनेच्या विहिरीबाहेरची जाळी. खोली नऊ मीटर. पंप बंद असल्याची दोनदा खात्री केली. कोळ्यांची मोठी होडी घेतली. होडीत मी, रशीदभाई, दाजी, श्रीनिवास.

१०.४० दाजी उतरले. सिलेंडर पूर्ण भरलेला, हवा २०० बार. दोरी माझ्या हातात. बकल पाहिलं, गाठ नाही. श्रीनिवास पोशाख घालून होडीत तयार. त्याच्या सिलेंडरमध्ये हवा १८०.

१०.५१ एक ओढ. ठीक.

१०.५८ तीन ओढ. मी आणि रशीदभाईंनी दोरी ओढली. हातभर आली आणि अडकली. परत तीन ओढ. परत ओढली. येईना.

१०.५९ श्रीनिवास म्हणाला, "कोळ्याच्या जाळ्यात अडकलेत." मी त्याला दुसरी दोरी बांधायला गेलो. तो म्हणाला, "नको. दोन दोऱ्या एकमेकींत गुंततील. मी यांच्या दोरीलाच धरून जातो." माझा एक हात दाजींच्या दोरीवर होता, तो सुटू शकत नव्हता. श्रीनिवास उतरला.

११.०५ दोरी एकदम सैल झाली. ओढली. येत होती. बुडबुडे ठेक्यात.

११.०६ दाजी वर. त्यांना होडीत ओढून घेतलं. कमरेला पट्टा नाही. तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे श्वासाची नळी, काढून पहिलं बोलले ते असं: "कोळ्याचं जुनं जाळं सिलेंडरच्या मुंडीला गुतलं. बकल उघडलं, पट्टा टाकला, तरी सुटेना. त्यानं कापलं. पाठीवर थाप मारली आन् वर ढकललं." ओठ निळे. छातीवर हात. रशीदभाईंनी त्यांना आडवं केलं, पोशाखाची चेन उघडली. मी गोळी जिभेखाली दिली.

११.०८ अक्काला फोन. "वर आले." तिनं विचारलं, आवाज असा का? म्हटलं, काही नाही, तू जेव. फोनमधली नोंद: एक मिनिट बारा सेकंद.

११.१० रशीदभाई: "भास्करभाई, बुलबुले किधर गए?" पाणी पाहिलं. सगळीकडं सपाट.

११.१३ दाजी उठून बसले. मी नको म्हणालो. रशीदभाई नको म्हणाले. दाजींनी शिल्लक सिलेंडर स्वतःच पाठीवर घेतला. हवा १९०. वजनं नव्हती, म्हणून होडीचा नांगर हातात धरला. दोरी माझ्या हातात.

११.१७ चार ओढ. अशी खूण आमच्यात नव्हती. आम्ही ओढलं. दोरी श्रीनिवासच्या बगलांखालून बांधलेली होती. जड होतं, होडी एका बाजूला कलली. त्याच्यामागून दाजी आपले आपण वर आले.

११.१९ ते ११.४० छातीवर दाब आणि तोंडानं श्वास. आळीपाळीनं तिघांनी. होडी काठाला.

१२.०५ ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरांनी तपासलं.

दाजी: जिवंत. बीपी १९० वर ११०. अॅडमिट केलं.

श्रीनिवास: मृत. जाळीपासून चार मीटरवर, तळाला सापडला. सुरी म्यानात. रेग्युलेटर तोंडाबाहेर, चालू. सिलेंडरमध्ये हवा १२० बार. कमरेला स्वतःचा पट्टा, बकल बंद. दाजींचा पट्टा खांद्यावरून आडवा घातलेला, त्याचंही बकल बंद. वजनं एक ते बारा, सगळी.